लहान महाविद्यालयातला गायनवृंद वर्षभर कसा टिकवावा?

करवीर_वाङ्मय

नमस्कार. कोल्हापूर शहरालगतच्या एका लहान महाविद्यालयात मी मराठी शिकवते आणि काही काळापासून सांस्कृतिक विभागाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. कला आणि वाणिज्य मिळून आमचे विद्यार्थी चारशेच्या आसपास; त्यांतील निम्म्याहून अधिक करवीर, पन्हाळा आणि गगनबावडा तालुक्यांतील गावांतून एसटीने ये-जा करतात. संगीत हा विषय आमच्याकडे शिकवला जात नाही. वाद्ये म्हणाल तर कपाटात एक पेटी, एक तबला-डग्गा आणि कोणत्या तरी स्नेहसंमेलनासाठी घेतलेल्या दोन ढोलक्या आहेत, आणि त्या कपाटाची किल्ली जिमखान्याच्या शिपाईमामांकडे असते.

दरवर्षी घडते ते असे. विद्यापीठाचे युवा महोत्सवाचे परिपत्रक आले की आम्ही फलकावर सूचना लावतो, वीस-पंचवीस मुले-मुली नावे देतात, त्यांच्यातून समूहगीतासाठी सहा जण निवडले जातात, शहरातून एखादे मार्गदर्शक मानधनावर येतात आणि पंधरा दिवसांत गीत बसवून आम्ही जिल्हास्तरीय महोत्सवाला जातो. परत आल्यावर ती सहा मुले पुन्हा कधी एकत्र बसलेली मी पाहिलेली नाहीत. स्नेहसंमेलन येते तेव्हा त्यांच्यापैकीच कोणीतरी मोबाईलवर ट्रॅक लावून चित्रपटगीत म्हणतो. तृतीय वर्षाची मुले निघून गेली की वृंदाजवळ काहीही उरत नाही, गीतांची वही नाही आणि चाल ठाऊक असलेले कोणी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा.

निवड न झालेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न मला त्याहून अधिक छळतो. नाव देणाऱ्या वीस-पंचवीस जणांपैकी बहुतेकांनी कधी पेटीवर गायलेले नसते. परंतु त्यांच्यातील काही जण गावच्या भजनी मंडळात टाळ धरतात, एक मुलगा बेंजो पार्टीत की-बोर्ड वाजवतो, दोघे जण हलगी उत्तम वाजवतात. यांना आम्ही दहा मिनिटांच्या चाचणीत ‘नाही’ म्हणतो आणि ती मुले सांस्कृतिक विभागाच्या दाराशी पुन्हा फिरकत नाहीत.

तिसरी अडचण निव्वळ तांत्रिक आहे. मुले आणि मुली एकत्र गायला लागली की कोणाची तरी पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, चुकतेच. मुलींना सोयीची पट्टी घेतली तर मुले गप्प होतात, मुलांना सोयीची घेतली तर मुलींचा आवाज खाली जाऊन ऐकूच येत नाही. मार्गदर्शक मधली पट्टी काढून देतात आणि मग दोघेही कष्टाने गातात.

महोत्सवापुरता संघ उभा करण्याऐवजी वर्षभर आठवड्यातून एकदा बसणारा, वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे गाणी पोचवणारा वृंद लहान महाविद्यालयात चालवता येतो का, आणि चालवला असल्यास तो कसा चालवला, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. प्राचार्य सहानुभूतीने ऐकतात, मात्र त्यांचा पहिला प्रश्न ‘यातून बक्षिसे किती मिळतील’ असा असतो, हेही लक्षात घ्यावे.

काळी_चार

मॅडम, मी पेटीची साथ करतो. शहरातील आणि आसपासच्या महाविद्यालयांच्या समूहगीतांना, तसेच भजनी मंडळांना साथ करण्यात बराच काळ गेला आहे, म्हणून पट्टीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बाकीचे प्रश्न विचारांचे आहेत, हा मात्र आजच सुटणारा आहे.

मधली पट्टी हा उपाय नव्हे, ते दुखणे आहे. सर्वसाधारणपणे तरुण मुलांचा षड्ज, म्हणजे सा, काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातील पहिल्या काळ्या स्वराच्या) आसपास बसतो आणि मुलींचा काळी चारच्या आसपास. दोघांचे भागवायचे म्हणून पांढरी चार धरली की मुलींचे मंद्रातील, म्हणजे खालच्या सप्तकातील, स्वर नाहीसे होतात आणि अंतऱ्याला मुलांच्या गळ्याच्या शिरा ताठ होतात. त्यापेक्षा सरळ मुलींची काळी चार धरावी आणि मुलांना त्याच पट्टीत खालच्या सप्तकात गायला लावावे. मुलांच्या दृष्टीने पाहा: काळी चारचा खालचा षड्ज म्हणजे त्यांच्या काळी एकचा मंद्र पंचम, आणि काळी चारचा तार मध्यम (वरच्या सप्तकातील म) म्हणजे त्यांचा स्वतःचा तार षड्ज. एवढ्या टापूत त्यांचा गळा आरामात फिरतो. चाल मध्य सप्तकात राहून तार गंधार-मध्यमापर्यंत जाणारी असेल, तर काहीही बदलावे लागत नाही.

चाल मंद्र सप्तकात उतरते तेव्हाच अडचण येते, कारण तिथे मुलांना स्वर लागत नाही. अशा ओळी मुलींनी एकट्यांनी गाव्यात आणि ध्रुवपदाला मुलांनी खालून मिळावे. ऐकणाऱ्याला ती रचना वाटते, तडजोड वाटत नाही. मात्र यासाठी गीत निवडण्यापूर्वी त्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर पेटीवर काढून पाहावा लागतो. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि ते न करता पंधरा दिवस तालीम घेतलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. शब्द आवडले, गीत ठरले, आणि पट्टी शेवटच्या दिवशी, असा क्रम असतो!

आता तबल्याचे. आपल्या कपाटातील तबला बहुधा काळी एकचा असेल, म्हणजे मोठ्या तोंडाचा. तो गठ्ठे ठोकून काळी चारपर्यंत चढवण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नका. वादी (ताण देणारी चामड्याची पट्टी) तुटेल किंवा पुडी (तोंडावरचे कातडे) फाटेल, आणि चढला तरी आवाज ठणठणीत होऊन बसेल. काळी चारसाठी लहान तोंडाचा तबला स्वतंत्रच असतो. तो घेणे जमत नसेल तर समूहगीताला ढोलकी किंवा पखवाज वापरा. आपल्या मुलांच्या हाताला ती वाद्ये तबल्यापेक्षा जवळची आहेत. पखवाजालाही सूर असतो, हे वाजवणाऱ्याला ठाऊक असतेच. डाव्या तोंडाला कणीक लावताना उजवे तोंड षड्जाशी जुळवून घ्यावे, एवढेच.

तानपुऱ्याचे अ‍ॅप मोबाईलवर असते. आठवड्याच्या बैठकीची पहिली दहा मिनिटे ते काळी चारवर लावून सर्वांनी नुसता षड्ज धरावा आणि मग सा-प-सा करावे. गाणे नाही, शब्द नाही. कंटाळा येतो, मुले हसतात, चालायचेच. पण समूहगीतात परीक्षकाच्या कानाला सर्वांत आधी खटकते ते सहा जणांचे सहा षड्ज, आणि ती खोड पंधरा दिवसांच्या तालमीत जात नाही.

मध्यवर्ती_आठवण

मी अनेक वर्षे एका महाविद्यालयात सांस्कृतिक विभागाचे काम पाहिले आणि आता निवृत्त आहे. करवीर_वाङ्मय यांच्या प्रश्नात युवा महोत्सवाविषयी जो किंचित कडू सूर आहे, त्याच्याशी मी सहमत नाही, म्हणून लिहितो.

लहान महाविद्यालयाला महोत्सव हाच आधार आहे. आपल्या विद्यापीठात आधी कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांचे महोत्सव, मग मध्यवर्ती महोत्सव, आणि तेथून विद्यापीठाचा संघ राज्याच्या ‘इंद्रधनुष्य’ या आंतरविद्यापीठ महोत्सवाला आणि भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय महोत्सवाला जातो. गगनबावड्याच्या बाजूची मुलगी या शिडीने राष्ट्रीय पातळीवर पोचू शकते. दुसऱ्या कोणत्या मार्गाने पोचेल ते मला दाखवा. शिवाय तारीख ठरलेली असते म्हणून मुले येतात, मार्गदर्शकाचे मानधन मंजूर होते, प्राचार्य तासाला न बसण्याची सवलत देतात. तारीख काढून घेतली की ‘दर आठवड्याला बसू’ हे तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. चांगल्या हेतूने सुरू झालेली अशी मंडळे मी पाहिली आहेत, आणि जुलैमध्ये सुरू झालेले मंडळ गणपतीनंतर कुठे दिसले नाही.

महोत्सवाचे नियमही वाटतात तितके जाचक नाहीत. विश्वविद्यालय संघाच्या भारतीय समूहगीतात जास्तीत जास्त सहा गायक आणि तीन साथीदार, दहा मिनिटांचा वेळ, मांडणीला चार मिनिटे, आणि चित्रपटगीत चालत नाही. गुण गायनाला असतात. वेशभूषेला आणि हावभावांना नसतात, हे लिहिलेले असते, तरी आपल्याकडे फेट्यांच्या भाड्यावर मानधनाहून अधिक खर्च होतो, तो भाग वेगळा. चित्रपटगीत चालत नाही म्हटल्यावर मुलांना लोकगीत, भावगीत, स्फूर्तिगीत शोधावे लागते आणि ट्रॅकची सवय निदान तेवढ्यापुरती सुटते. नियम नसता तर ती सुटली असती का, याचा विचार करावा.

निवड न झालेल्यांसाठी समूहगीताचा दरवाजा रुंद करता येणार नाही, पण लोकवाद्यवृंदाचा येईल. तिथे बारा जणांपर्यंत घेता येतात. हलगीवाले दोघे, टाळकरी, ढोलकी, संबळ, तुणतुणे, की-बोर्डवाल्या मुलाला वाटल्यास पेटी द्या. ज्या मुलांना आपण चाचणीत ‘नाही’ म्हणालात त्यांचाच तो संघ आहे. आपल्या महाविद्यालयाने त्या प्रकारात नाव दिलेले नसावे असा माझा तर्क आहे.

कुंभीकाठ

मॅडम, मी अशाच एका लहान महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी आहे, समूहगीताच्या संघात होते आणि आता एका शाळेत शिकवते. वरच्या सरांचा अनुभव मोठा आहे, त्याबद्दल आदर ठेवून थोडे वेगळे सांगते.

महोत्सवामुळे मुले येतात हे खरे. पण कोणती मुले येतात, तेही पाहावे. महोत्सवाची तालीम दुपारी चार वाजता सुरू होऊन साडेसहापर्यंत चालते, कारण मार्गदर्शक सर शहरातील शिकवण्या आटोपून येतात. रंकाळा स्टँडवरून आमच्याकडे येणाऱ्या गाड्या संध्याकाळी मोजक्याच, आणि साडेसहाला सुटून स्टँड गाठले तर घरी पोचायला रात्र होते. माझ्याबरोबर चाचणीला आलेल्या आमच्या भागातील मुलींपैकी आवाजाने माझ्याहून चांगली एक होती. तिच्या घरून परवानगी मिळाली नाही. माझी मावशी शहरात राहत होती म्हणून मी संघात होते. म्हणजे निवड परीक्षकाने केली असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात ती एसटीच्या वेळापत्रकाने केलेली असते.

याच वेळापत्रकात उत्तरही आहे. आमचे तास साडेबाराला संपत आणि गाडी दोन-सव्वादोनची असे. मधला दीड तास आम्ही स्टँडवर बाकावर बसून, शेंगा खात, मोबाईल पाहत काढत असू. आपल्या महाविद्यालयातही असा मोकळा वेळ कोणत्या गावच्या मुलांना कोणत्या वारी असतो, हे एकदा कागदावर मांडून पाहा. वृंदाची बैठक त्या वेळात ठेवली तर घरून परवानगी मागण्याचा प्रश्नच येत नाही, कारण मुलगी नेहमीच्याच गाडीने घरी जाते. बाहेरचे मार्गदर्शक त्या वेळेला येणार नाहीत. न येवोत. नुसता षड्ज धरण्यासाठी मोबाईलवरचे अ‍ॅप पुरते, हे काळी_चार यांच्या लिहिण्यावरून दिसतेच.

दुसरे, गाण्यांविषयी. आम्हाला शिकवलेले लोकगीत शहरातील सरांनी कॅसेटवरून उतरवलेले होते, आणि ज्या मुली ते शिकत होत्या त्यांच्या आज्या जात्यावरच्या ओव्या, पंचमीची झिम्मा-फुगडीची गाणी, हादग्याची आणि गौरीची गाणी घरी म्हणत होत्या. कोणी विचारलेच नाही. आम्हीही सांगितले नाही, कारण ते ‘गाणे’ आहे असे आम्हाला वाटत नव्हते, घरातले काम वाटत होते. माझी आजी गौरी आणण्याच्या वेळी जे गाणे म्हणायची त्यात प्रत्येक कडव्याला घरातल्या एकेका सुनेचे नाव घालायचे असते. नाव लांब असले की आजी ताल न सोडता एक मात्रा चोरायची, आणि आखूड असले की ‘बाई’ लावून भरून काढायची. ही करामत कोणत्याही तालमीत शिकायला मिळाली नाही. आपण मराठीच्या प्राध्यापिका आहात. ‘घरातल्या मोठ्या माणसाकडून एक गाणे लिहून आणा आणि म्हणून दाखवा’ हे वृंदाचे पहिले काम ठेवले, तर वही आपोआप तयार होईल, आणि ज्याने गाणे आणले तो त्या गाण्यापुरता तरी शिक्षक असेल. गळा कसा का असेना, त्याला खोलीबाहेर काढता येणार नाही.

यातले एखादे गाणे पुढे महोत्सवाला गेले तर आनंदच आहे. मात्र क्रम असा असावा.

मध्यवर्ती_आठवण

कुंभीकाठ यांचा एसटीचा मुद्दा मान्य. आमच्या महाविद्यालयाला वसतिगृह होते, त्यामुळे तो कधी समोर आला नाही. तरीही एक इशारा देतो. घरून आणलेली गाणी वहीत जमा होणे आणि ती सहा जणांनी एका सुरात, एका लयीत मंचावर म्हणणे यांत फार मोठे अंतर आहे. आज्जीने चोरलेली मात्रा सहा जणांना एकाच वेळी चोरावी लागते; ते शिकवायला कोणीतरी जाणकार लागेलच. वर्षातून चार वेळा का होईना, मार्गदर्शकाला बोलवावे, आणि ते सुरुवातीच्या महिन्यांत बोलवावे. शेवटच्या पंधरवड्यात बोलावलेला मार्गदर्शक दुरुस्ती करतो, शिकवत नाही.

खासबाग

शहरातला जुना श्रोता म्हणून थोडे लिहितो. मला गाता येत नाही.

वर सर्वांनी गाण्याविषयी लिहिले, ऐकण्याविषयी कोणी लिहिले नाही. ज्या शहरात शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेबांसारखे गायक राहिले, ज्यांचे पुत्र भुर्जीखाँ यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले, त्या शहराच्या वेशीवरील महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाने तीन वर्षांत एकही बैठक प्रत्यक्ष ऐकलेली नसते. यात मुलांचा दोष नाही. त्याला कोणी नेलेलेच नसते. गायन समाज देवल क्लब ही एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेली संस्था आजही शहरात आहे. शाहू स्मारक भवनात कार्यक्रम होत असतात. विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे. आपल्या आठवड्याच्या बैठकीपैकी महिन्यातील एक बैठक म्हणजे कुठेतरी जाऊन ऐकणे, असे ठरवून टाकावे. कुंभीकाठ म्हणतात ती गाडीची अडचण येईल, म्हणून सकाळचे किंवा दुपारचे कार्यक्रम निवडावेत, आणि विद्यापीठाच्या विभागाला पत्र लिहून तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाच आपल्याकडे बोलवावे. ती मुलेही श्रोत्यांच्या शोधात असतात.

शास्त्रीय संगीत आपल्या मुलांना जड जाईल असे कोणी म्हणेल, तर मग शाहिरी घ्या. पिराजीराव सरनाईकांचे हे शहर. समूहगायन ही काही आपल्याकडे महोत्सवाबरोबर आलेली गोष्ट नाही. पोवाड्यात शाहीर एकटा गात नाही, मागे झील धरणारे, म्हणजे त्याची ओळ उचलून सुरात सूर मिळवणारे, असतात. गोंधळात असतात, भजनात असतात. झील धरणाऱ्याला गळा तयार लागत नाही. त्याला कान लागतो, शाहीर कुठे थांबणार आणि आपण कुठे उचलायचे याचे भान लागते. चाचणीत बाद झालेल्या मुलांना झीलकरी म्हणून मागे उभे करा. वर्षभर झील धरलेला मुलगा दुसऱ्या वर्षी पुढे येऊन गातो, हे आमच्या पेठेतल्या मंडळात मी अनेकदा पाहिले आहे. पट्टण कोडोलीच्या यात्रेत धनगरी ढोलांच्या मागे चालणारी दहा-बारा वर्षांची पोरे पाहा. त्यांची चाचणी कोणी घेतलेली नसते.

केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, तेव्हा १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले ते नाट्यगृह वाचवा म्हणून शहरातील लहानथोर रस्त्यावर उभे होते. त्या गर्दीत महाविद्यालयीन मुलेही बरीच होती. त्यांच्यातील किती जणांनी आत बसून नाटक किंवा गाणे ऐकले होते, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. असो, विषय लांबला.

श्रेयांक_विभाग

पैशांविषयी आणि प्राचार्यांच्या प्रश्नाविषयी थोडक्यात लिहितो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात पदवीची जी श्रेयांक-रचना (क्रेडिट पद्धती) लागू झाली, तीत सहअभ्यासक्रमाचा स्वतंत्र गट आहे आणि त्यात क्रीडा, योग, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी यांच्याबरोबर सांस्कृतिक उपक्रम आणि सादरीकरणाच्या कलाही आहेत. बहुतेक लहान महाविद्यालये या गटात सगळ्या मुलांना एकाच उपक्रमाखाली घालून मोकळी होतात, कारण नोंदी ठेवणे सोपे जाते. आपण वृंदाची आठवड्याची बैठक याच गटात बसवण्याचा प्रस्ताव महाविद्यालयाच्या समितीपुढे मांडावा. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी साधारण ३० तास धरले जातात. दर आठवड्याला दोन तास बसले तर सत्राचे १५ आठवडे पुरतात. एकदा श्रेयांक जोडले गेले की हजेरीपत्रक येते, हजेरीपत्रक आले की खोली मिळते, आणि खोली मिळाली की कपाटाच्या किल्लीसाठी शिपाईमामांना शोधावे लागत नाही. मूल्यमापन मात्र आवाजावर ठेवू नये, गीतांच्या वहीवर आणि सहभागावर ठेवावे. अन्यथा चाचणीत बाद होण्याचीच पुनरावृत्ती गुणपत्रिकेत होईल.

बक्षिसांच्या प्रश्नाला प्राचार्यांपुढे हे उत्तर अधिक उपयोगी पडेल, कारण मूल्यांकनाच्या वेळी नॅकच्या समितीला वर्षभर चाललेला उपक्रम, त्याच्या नोंदी आणि छायाचित्रे दाखवता येतात.

करवीर_वाङ्मय

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन-तीन गोष्टी ठरवल्या आहेत, त्या कळवते आणि एक शंका विचारते.

कुंभीकाठ यांनी सुचवल्याप्रमाणे गावनिहाय गाड्यांच्या वेळा मांडून पाहिल्या. बुधवारी एक ते अडीच हा वेळ सर्वांत अधिक मुलांना मोकळा निघतो. फक्त पन्हाळ्याच्या बाजूच्या मुलांची गाडी त्याआधी आहे, त्यांच्यासाठी शनिवारी सकाळी वेगळे बसावे लागेल असे दिसते. दोन ठिकाणी दोन वृंद होऊ नयेत म्हणून गाणी तीच ठेवणार आहे. चाचणी घेणार नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येकाने घरून एक गाणे आणायचे आणि वहीत लिहायचे. कोणाकडून मिळाले, कोणत्या प्रसंगी म्हणतात आणि चाल कोणाला येते हेही लिहायचे. मध्यवर्ती_आठवण सरांचा इशारा ध्यानात ठेवून मार्गदर्शकांना यंदा जुलैमध्येच दोनदा बोलावणार आहे, आणि लोकवाद्यवृंदाला नाव देणार आहे. सर, आपला तर्क बरोबर होता, आम्ही त्या प्रकारात कधीच गेलो नाही. श्रेयांकांचा प्रस्ताव लिहायला घेतला आहे; प्राचार्यांनी तो वाचला आणि ‘हजेरी कोण घेणार’ एवढेच विचारले, हे मी शुभचिन्ह मानते.

खासबाग यांनी सुचवलेल्या झीलकऱ्यांविषयी मुलांशी बोलले. हलगीवाल्या दोघांपैकी एकाचे चुलते पोवाडे म्हणतात, हे त्यानिमित्ताने कळले. आमच्याच वर्गात दोन वर्षे बसलेल्या मुलाविषयी हे मला ठाऊक नव्हते.

शंका अशी: मुलांनी आणलेल्या गाण्यांपैकी काही मंद्रात फारच खाली जातात, विशेषतः जात्यावरच्या ओव्या. मुलींनाही त्या काळी चारला खालच्या वाटतात, कारण म्हणणारी आजी आपल्या गळ्याप्रमाणे म्हणते आणि मुली तोच स्वर उचलून आणतात. अशा वेळी पट्टी बदलावी की चाल?

काळी_चार

चालीला हात लावू नये. आजीने धरलेला स्वर म्हणजे षड्ज असे मुली गृहीत धरतात, तिथे घोटाळा होतो. ओव्या बहुतेक चार-पाच स्वरांत फिरतात, त्यांचा आवाका लहान असतो. म्हणून आजीची पट्टी विसरून मुलींना त्याच चालीत वरचा कोणताही सोयीचा स्वर धरून म्हणायला सांगा, आणि त्या स्थिरावल्या की पेटीवर त्यांचा षड्ज शोधा. बहुधा पांढरी सहा किंवा काळी पाच निघेल. मुलांना तेव्हा गायला लावू नका. ओवीला त्यांचे काम नाही. त्यांनी जात्याच्या लयीत खालून षड्ज-पंचम धरून ठेवला तरी पुरे, तोही हलका.

पहिल्या दोन बैठकांना बुधवारी मी पेटी घेऊन येऊ शकतो, मानधनाची आवश्यकता नाही. आपल्या कपाटातील पेटीचा भाता आणि स्वर तेव्हाच पाहून घेऊ. बरीच वर्षे बंद असलेल्या पेटीचे दोन-तीन स्वर उतरलेले असतात, आणि मुलांनी त्याच स्वरांवर षड्ज पक्का केला तर पुढे दुसऱ्या कोणत्याही पेटीशी त्यांचे जमणार नाही. तोवर तानपुऱ्याच्या अ‍ॅपवरच बसवावे. तबला दुरुस्तीला टाकायचा असल्यास गणपतीच्या आधी टाका, त्यानंतर महिनाभर तरी कारागीर हाती लागत नाहीत.